जुनी मोटरहोम: खरेदीचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या क्रमाने काढावा

जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेणारे बहुतेक जण हिशेब उलट्या क्रमाने करतात. गाडी आधी मनात भरते, मग किंमत ठरते, पैसे दिले जातात, आणि दुरुस्तीला किती लागणार याचा शोध ताबा मिळाल्यावर सुरू होतो. तपासणी केलीच तर तिचा सगळा भर इंजिन आणि किलोमीटर यांवर असतो, कारण साधी मोटार घेताना तीच सवय लागलेली असते. मोटरहोममध्ये इंजिनाची मोठी दुरुस्तीसुद्धा आधी अंदाजता येते, पण भिंतीत मुरलेल्या पाण्याची दुरुस्ती कुठवर जाईल हे भिंत उघडेपर्यंत मेकॅनिकलाही सांगता येत नाही. म्हणून येथे क्रम असा ठेवला आहे: आधी रकमेची विभागणी, मग वजन आणि कागद, त्यानंतर ओल, मग वाहन, मग राहत्या भागातील यंत्रणा, आणि हे सारे झाल्यावरच किमतीची बोलणी. दुरुस्तीचा क्रम त्यानंतर येतो आणि तोही बहुतेकदा चुकतो.

## टप्पा १: गाडी पाहण्यापूर्वी रकमेची विभागणी करावी

हाती असलेली एकूण रक्कम म्हणजे गाडीची किंमत नव्हे. त्या रकमेतून चार वेगवेगळे खर्च भागवायचे असतात. पहिला गाडीच्या किमतीचा. दुसरा ताबा घेताना येणारा, म्हणजे नावावर करण्याचे शुल्क, कर, पहिल्या वर्षाचा विमा, तज्ज्ञाकडून करून घेतलेली तपासणी आणि गाडी घरापर्यंत आणण्याचा खर्च. तिसरा खर्च पहिल्या सफरीपूर्वी करावीच लागणारी दुरुस्ती. चौथी रक्कम राखीव, जिला पहिले वर्ष संपेपर्यंत हात लावायचा नाही.

दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी एकूण रकमेच्या तीन चतुर्थांशांपेक्षा अधिक किंमत देऊ नये, असे माझे मत आहे. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीसाठी तर दोन तृतीयांशांवर थांबलेले बरे. हा काही शास्त्रीय नियम नाही. परंतु ज्यांनी सगळी रक्कम किमतीतच घातली त्यांच्या गाड्या पुढे महिनोन्‌महिने गॅरेजबाहेर उभ्या राहिलेल्या दिसतात.

याच टप्प्यावर विमा कंपनीला विचारून घ्यावे. साध्या व्हॅनला कोणीतरी हौसेने मोटरहोमचे रूप दिले असेल आणि नोंदणीत ती अजून मालवाहू व्हॅनच असेल, तर विमा नाकारला जाऊ शकतो किंवा फक्त वाहनाचाच मिळतो आणि आतील सामान व फर्निचर त्यात येत नाही. गाडी उभी करण्याची जागा हाही दरवर्षीचा खर्च आहे. सहा-सात मीटर लांब आणि तीन मीटरच्या आसपास उंच गाडी नेहमीच्या पार्किंगमध्ये बसत नाही, आणि भाड्याच्या जागेला छप्पर हवे असेल तर भाडे आणखी वाढते.

पडताळणी: चारही रकमा कागदावर वेगवेगळ्या लिहून झाल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याला फोन करू नये.

## टप्पा २: वजन आणि कागदपत्रे

वजनाकडे खरेदीदार सर्वांत जास्त कानाडोळा करतात, आणि त्याची किंमत पुढे परवाना, दंड, टायर आणि स्प्रिंग अशा रूपांत मोजावी लागते. प्रत्येक गाडीवरच्या पट्टीवर कमाल अनुज्ञेय वजन कोरलेले असते. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर सर्वसाधारणपणे ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे असंख्य मोटरहोम त्याच आकड्यावर नोंदवलेल्या असतात, मग त्यांच्या आत बसवलेले सामान कितीही असो.

एक उदाहरण घेऊ. वजनकाट्यावर चालकाविना, पाण्याच्या टाक्या रिकाम्या आणि इंधनाची टाकी भरलेली अशा स्थितीत गाडी ३,०५० किलो भरली, तर ४५० किलो शिल्लक दिसतात आणि ते पुष्कळ वाटतात. प्रवास करणारे चौघे सरासरी ७५ किलोंचे धरले तर ३०० किलो गेले. पाण्याचे १०० लिटर म्हणजे आणखी १०० किलो. उरलेल्या ५० किलोंत भरलेले गॅस सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, भांडी, कपडे, खाण्याचे सामान, खुर्च्या आणि सायकली बसवायच्या असतात, आणि ते कधीच बसत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेतील वजनावर विसंबू नये, कारण नंतर बसवलेली ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत), जादा बॅटरी, सोलर पॅनेल आणि सायकलींचा स्टँड त्यात धरलेले नसतात.

एकूण वजनाबरोबर प्रत्येक आसावरचे (ॲक्सलवरचे) वजनही स्वतंत्रपणे करून घ्यावे. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा भाग लांबवर लोंबत असेल आणि त्याच्या टोकाला सायकली टांगल्या असतील, तर एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादा ओलांडतो.

कागदपत्रांत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. तो नोंदणीपत्रावर, गाडीतील पट्टीवर आणि चासीच्या धातूवर एकच असला पाहिजे. गाडीवर कर्जाचा बोजा नाही याचा लेखी पुरावा हवा. तिसरी बाब वर्षाची: चासी एका कारखान्यात तयार होते, तिच्यावरचे घर दुसऱ्या कारखान्यात उभे राहते, आणि नोंदणी त्यानंतर होते, त्यामुळे या तिन्हींची वर्षे वेगळी असू शकतात. इंजिनाचे आणि ब्रेकचे सुटे भाग चासीच्या वर्षाप्रमाणे मागवावे लागतात. चुकीचा भाग मागवून परत पाठवण्याचा खर्च येथूनच सुरू होतो.

घर बांधणारी कंपनी अजून चालू आहे का, हेही पाहावे. चासी मोठ्या वाहन कंपनीची असल्याने तिचे भाग मिळतात. खिडक्यांची दुपदरी ॲक्रिलिक तावदाने, मागच्या दिव्यांभोवतीचे प्लास्टिकचे साचे, कपाटांची कुलुपे हे मात्र त्या-त्या मॉडेलपुरतेच असतात, आणि कंपनी बंद पडली असेल तर एक फुटलेले तावदान मिळवण्यासाठी भंगारातल्या गाड्या शोधाव्या लागतात.

## टप्पा ३: ओल शोधणे

या टप्प्याला पूर्ण दोन तास द्यावेत आणि विक्रेत्याला तसे आधीच सांगून ठेवावे. जो विक्रेता त्याला तयार होत नाही त्याच्याकडे जाण्याचे कारण उरत नाही.

बहुतेक बांधीव मोटरहोमच्या भिंती थरांच्या असतात. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आत कागद चढवलेले पातळ प्लायवुड. भिंत आणि छत जेथे मिळतात तेथे, खिडक्यांभोवती, छतावरच्या झडपांभोवती आणि ऑनिंगच्या पट्टीमागे मऊ सीलंट (फटी बुजवणारे द्रव्य) भरलेले असते. वर्षे जातात तसे ते सुकते, आकसते, आणि गाडी धावताना सांधे हलत असल्याने त्याला बारीक चिरा पडतात. आत शिरलेले पाणी लाकडी पट्टीच्या कडेने वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी साठते, म्हणून डाग जेथे दिसतो तेथेच गळती असेल असे मानू नये. पूर्ण पोलादी व्हॅनमध्ये बांधलेल्या मोटरहोममध्ये हा धोका पुष्कळ कमी असतो. तिथे खिडक्यांसाठी कापलेल्या पत्र्याच्या कडांवरचा गंज पाहावा.

गाडी शक्यतो पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत पाहावी. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. छत. शिडी लावून वर पाहावे. सांध्यांवर पांढऱ्या किंवा पारदर्शक सिलिकोनचे जाड थर फासलेले असतील तर पूर्वी गळती झाली होती आणि ती वरवर बुजवली होती, असा अर्थ घ्यावा. सिलिकोनवर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीत ते खरवडून काढण्याची मजुरी वेगळी मोजावी लागते.

२. बाजूच्या भिंती. भिंतीला जवळजवळ गाल लावून, तिरप्या उजेडात तिच्या लांबीवर नजर टाकावी. पत्रा फुगलेला किंवा लाटांसारखा दिसला तर थर सुटले आहेत. बोटाच्या पेराने ठोकत जावे. घट्ट भिंतीचा आवाज आखूड येतो आणि सुटलेल्या ठिकाणी तो पोकळ होतो.

३. आतील भिंती. येथे ओलमापक लागतो. पिनांच्या मापकाने कागदाला बारीक छिद्रे पडतात, म्हणून विक्रेत्याची परवानगी घ्यावी; बिनपिनांचा मापक छिद्रे पाडत नाही, पण आत धातूची पट्टी किंवा चंदेरी थर असला तर चुकीचा मोठा आकडा दाखवतो. आधी भिंतीच्या मध्यभागी, निश्चित कोरड्या जागी एक आकडा घ्यावा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहावेत. लाकडासाठी १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक असतो. १५ ते २० असेल तर नोंद करून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. २० ते ३० च्या दरम्यान पाणी कोठून तरी येते आहे असे धरावे, आणि ३० च्या वर लाकूड कुजले असण्याची शक्यता मोठी असते.

४. जागा. प्रत्येक खिडकीचे खालचे दोन्ही कोपरे, चालकाच्या डोक्यावरच्या पलंगाचे पुढचे कोपरे, छतावरच्या झडपांचे चारही काठ, मागच्या भिंतीचे जमिनीलगतचे कोपरे, चाकांच्या वरची खोकी, न्हाणीची भिंत. कपाटे रिकामी करायला लावावीत आणि हात आतपर्यंत घालून कोपरे दाबून पाहावेत. ओल पोहोचलेले प्लायवुड अंगठ्याने दाबले तर किंचित आत जाते आणि वरचा कागद खाली काहीच नसल्यासारखा चुरचुरतो.

५. जमीन. बूट काढून, टाचेवर भार देत पूर्ण जमिनीवर चालावे. दरवाज्यापाशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर जमीन दबत असेल तर थर सुटले आहेत. लाकूड शाबूत असेल तर छिद्रे पाडून आत रेझिन भरता येते. कुजलेले असेल तर जमीन बदलावी लागते.

विक्रेता राजी असेल तर संशयित कोपऱ्याजवळचा ऑनिंगच्या पट्टीचा एक स्क्रू काढून पाहावा. चकचकीत आणि कोरडा निघाला तर समाधान मानावे. गंजलेला निघाला आणि त्याच्या आट्यांत काळसर, ओलसर लाकडाचा भुगा अडकलेला असला, तर त्या स्क्रूने जे सांगितले ते मापकापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

सावधान: एकाच कोपऱ्यात नवा कागद चिकटवलेला असणे, गाडीत सुगंधाचा भडिमार असणे किंवा तुम्ही येण्यापूर्वी हीटर तासन्‌तास चालवलेला असणे ही तिन्ही लक्षणे संशयाची आहेत. बंद गाडीचा दरवाजा उघडताना पहिला वास तुम्हीच घ्यावा.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर ओलीच्या दुरुस्तीत साहित्य स्वस्त आणि मजुरी महाग असते. एका कुजलेल्या कोपऱ्यासाठी कपाट सोडवावे लागते, खिडकी आणि बाहेरच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आतले प्लायवुड, फोम आणि लाकूड काढून टाकावे लागते, उरलेला भाग कित्येक दिवस वाळवावा लागतो, आणि मग हेच सारे उलट्या क्रमाने पुन्हा बसवावे लागते. बाहेरून जेवढी दिसते त्याच्या दुप्पट जागा आत खराब असेल असे गृहीत धरूनच अंदाज मागवावा. एखाद्या खिडकीखाली १८ चा आकडा मिळाला तर ती नव्याने सील करून भागते. दोन किंवा अधिक कोपऱ्यांत ३० च्या वर आकडे असतील आणि सुतारकाम स्वतः करण्याची तयारी नसेल, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी.

## टप्पा ४: वाहनाची तपासणी

इंजिन थंड असताना पाहावे. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून ते खरोखर थंड आहे ना याची खात्री करावी, कारण गरम इंजिन आपल्या बहुतेक खोडी लपवते.

कमी धावलेली गाडी चांगली असते हा समज येथे घातक ठरतो. टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर असते. बारा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत किलोमीटर भरलेले नसतात, म्हणून मालकाने पट्टा तसाच ठेवलेला असतो, आणि तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन वाल्ववर आदळून सगळे इंजिन उघडावे लागते. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असे धरून तो खर्च लगेच मांडावा. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. चासीच्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोम वर्षभर जवळजवळ पूर्ण भाराने एकाच जागी उभी असते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी खोल असतानाही बाजूंना भेगा पडतात. सहा-सात वर्षांपुढचे टायर बदलायचेच असे धरावे आणि किंमत चार नव्हे, सुट्या चाकासह जितके असतील तितक्यांची काढावी. त्या भाराच्या क्षमतेचे टायर साध्या मोटारीच्या टायरपेक्षा महाग असतात.

उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेकच्या चकत्या गंजतात आणि हँडब्रेक अडकतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. खाली वाकून चासीच्या तुळया, स्प्रिंगच्या बैठकी आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. ताजा काळा रंग सर्वत्र सारखा फासलेला असेल तर त्याखाली काय आहे ते टोकदार हत्याराने टोचून पाहण्याची परवानगी मागावी. रस्त्यावर नेताना वेग वाढवून, चढावर आणि मागे घेताना क्लच पाहावा. डिझेल गाडीला धुराचे कण अडवणारा फिल्टर असेल तर निव्वळ छोट्या फेऱ्यांनी तो तुंबलेला असू शकतो, आणि जेथे जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आहे तेथे उत्सर्जनाच्या जुन्या निकषांची गाडी त्या बंदीमुळेच स्वस्त मिळते.

पडताळणी: टायमिंग बेल्ट, टायर, ब्रेक, गंज, क्लच या पाचही गोष्टींसमोर तारीख किंवा पावती, आणि ती नसल्यास दुरुस्तीचा खर्च, असे काहीतरी लिहिलेले असले पाहिजे.

## टप्पा ५: राहत्या भागातील यंत्रणा

विक्रेत्याला आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात: फ्रिज चालू करून ठेवावा, पाण्याची टाकी भरावी, गॅस सिलिंडर जोडलेला असावा. यांपैकी काहीही ‘आत्ता शक्य नाही’ असे उत्तर आले, तर ती यंत्रणा बंद आहे असे समजून तिचा पूर्ण खर्च मांडावा. कोणी खोटे बोलतो असे नव्हे, पण सिद्ध न झालेल्या वस्तूचे पैसे देण्याचे कारण नसते.

पाण्यापासून सुरुवात करावी. सर्व नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कोठेतरी दाब सुटतो आहे, म्हणजे सांधा गळतो किंवा पंपाची झडप बिघडली आहे. थंडीत पाणी न काढल्यामुळे बॉयलरची टाकी आणि नळांचे सांधे आतून तडकतात; हे नुकसान पाणी भरल्याशिवाय दिसत नाही, म्हणून रिकाम्या टाकीवर सौदा करू नये. कॅसेट टॉयलेटच्या (बाहेर काढून रिकामी करता येणाऱ्या टाकीच्या शौचालयाच्या) झडपेचे रबर आणि सांडपाण्याच्या टाकीचा वाल्वही याच वेळी पाहावा; ते स्वस्तात बदलता येतात.

शोषण पद्धतीचा तीन स्रोतांवर चालणारा फ्रिज गॅसवर, बाहेरच्या विजेवर आणि १२ व्होल्टवर असा तिन्ही प्रकारे चालवून पाहावा. त्याला थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि गाडी सपाट जमिनीवर नसेल तर तो नीट चालत नाही. मागच्या जाळीपाशी अमोनियाचा उग्र वास आला किंवा नळ्यांवर पिवळट पूड दिसली तर थंड करणारा संचच गळतो आहे, आणि तो संच बदलण्याचा खर्च बहुतेकदा नव्या फ्रिजच्या जवळ पोहोचतो.

शिसे-आम्लाची बॅटरी चार्जर काढून काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली असते, १२.२ ला निम्मी, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी असते. केवळ व्होल्टेजवर समाधान मानू नये. दिवे आणि पंप तासभर चालवून ते किती उतरते हे पाहावे. अशा बॅटरीची अर्धीच क्षमता रोज वापरायची असते, म्हणून १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून साधारण ५० मिळतात.

गॅसबाबत नळीवर छापलेली तारीख आणि रेग्युलेटरचे वय पाहावे. द्रवरूप गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस खाली साचतो, म्हणून जमिनीतील झरोके उघडे असलेच पाहिजेत. थंडी वाजते म्हणून त्यांवर पट्टी चिकटवणारे मालक दरवर्षी भेटतात. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मलाही कालमर्यादा असते आणि ती त्याच्या पाठीवर लिहिलेली असते.

सावधान: गॅसची गळती साबणाच्या पाण्याने किंवा दाबमापकाने शोधतात. काडी किंवा लायटर कधीही जवळ नेऊ नये.

## टप्पा ६: यादीवरून किंमत ठरवणे

आता हाती टिपणांचा गठ्ठा असतो. त्यातील प्रत्येक बाब तीन याद्यांपैकी एकीत जावी. पहिल्या यादीत जे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये ते: ब्रेक, टायर, टायमिंग बेल्ट, गॅस, वाढत चाललेली गळती. दुसरीत वर्षभरात करावयाचे, तिसरीत केले नाही तरी चालेल असे. पहिल्या दोन याद्यांवर दोन ठिकाणांहून लेखी अंदाज मागवावेत, आणि त्यांत साहित्य, मजुरीचे तास व कर वेगवेगळे दाखवायला सांगावे. ओलीच्या कामाला ठाम आकडा कोणीच देणार नाही. तेथे ‘आधी उघडून पाहू, अमुक तासांपुढे काम गेल्यास विचारून पुढे जाऊ’ अशी अट लेखी घ्यावी.

बोलणी करताना पहिली यादी संपूर्ण वजा करावी, दुसरीचा निम्मा भाग मागावा आणि तिसरीचा उल्लेखही करू नये. घासाघिशीत मळलेल्या गाद्या आणि फिकट पडदे पुढे केले की विक्रेता त्यांवर थोडी सूट देतो आणि भिंतीतील ओलीचा मुद्दा मागे पडतो.

विसार द्यायचाच असेल तर पावतीवर अट लिहून घ्यावी की तज्ज्ञाच्या तपासणीत ओल किंवा चासीचा गंज आढळल्यास तो परत मिळेल. तोंडी आश्वासनावर विसार देणे म्हणजे तपासणीचा उपयोगच घालवणे होय.

## टप्पा ७: दुरुस्तीचा क्रम

ताबा मिळाल्यावर सर्वांत मोठा मोह आत नवे पडदे, गाद्या, रंग आणि सोलर पॅनेल बसवण्याचा असतो. नेमके हेच शेवटी करायचे असते, कारण भिंत उघडावी लागली की हे सारे सोडवावे लागते आणि त्याची मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.

१. सुरक्षितता. ब्रेक, टायर, सुकाणू आणि गॅस. यातले गॅसचे आणि बाहेरून येणाऱ्या विजेचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. प्रमाणपत्र जपून ठेवावे, ते विम्यालाही लागते.

२. पाणी थांबवणे. आतले लाकूड बदलण्यापूर्वी बाहेरची गळती बंद झालीच पाहिजे. पट्टी काढावी, जुने सीलंट प्लास्टिकच्या पात्याने पूर्ण खरवडावे, पृष्ठभाग पुसून सुकवावा आणि मगच नवे भरावे. जे पुढे कधी काढावे लागेल, जसे खिडक्या, झडपा, पट्ट्या, त्यांच्यामागे ब्यूटाइल हे न सुकणारे सीलंट वापरावे. पॉलियुरेथेन अतिशय घट्ट धरते; ते कायमच्या जोडणीलाच ठीक, कारण पुढे ती वस्तू काढताना पत्राच फाटू शकतो. जुन्या पट्टीवरून नव्या सीलंटची रेघ ओढणे ही दुरुस्ती नव्हे, तिने आत शिरलेले पाणी आतच कोंडले जाते.

३. वाळवणे. उघडलेला भाग ओलावा शोषणाऱ्या यंत्राने वाळवावा आणि आकडा १५ च्या खाली येऊन काही दिवस तेथे टिकेपर्यंत भिंत बंद करू नये. येथे घाई केली तर नवे लाकूड जुन्याच ओलीवर बसते.

४. लाकूड आणि भिंत. कुजलेले लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत मागे कापावे. बंद करण्यापूर्वी तारा आणि नळ्या कोठून जातात याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

५. इंजिनाची सर्व्हिस आणि उरलेली यांत्रिक कामे. टायमिंग बेल्ट बदलताना पाण्याचा पंपही बदलावा. पुष्कळ इंजिनांत त्यासाठी लागणारी उघडझाप तीच असते.

६. वीज. लिथियम बॅटरीचा विचार असेल तर केवळ बॅटरीची किंमत पाहू नये. जुना चार्जर तिला योग्य नसतो, चालत्या इंजिनावरून भरण्यासाठी स्वतंत्र चार्जर लागतो, अन्यथा आल्टरनेटरवर ताण येतो, आणि शून्य अंशाखाली ती भरता येत नाही. बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. सोलर पॅनेल शक्यतो चिकटवून बसवावे. नुकत्याच सील केलेल्या छताला स्क्रूची नवी छिद्रे पाडणे म्हणजे पुढच्या गळतीची सोय करणे आहे.

७. गाद्या, पडदे, रंग.

पडताळणी: वरील यादीतील दुसरे काम, म्हणजे पाणी थांबवणे, संपल्यावर पाईपने पाणी मारून पाहावे, पण ते वरून पावसासारखे पडू द्यावे. जोराच्या फवाऱ्याने चांगली सीलंटही उखडतात.

## टप्पा ८: पहिल्या वर्षाचा खर्च आणि नोंदी

राखीव रक्कम या वर्षासाठी आहे. दर महिन्याला गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागेवरच इंजिन सुरू ठेवल्याने ब्रेक सुटत नाहीत आणि टायरही फिरत नाहीत. वापर नसताना बॅटरी भरून ठेवावी, कारण रिकामी राहिलेली शिशाची बॅटरी एका हंगामात निकामी होते. कडाक्याच्या थंडीपूर्वी टाक्या, बॉयलर आणि नळ्या रिकाम्या कराव्यात, नळ उघडे ठेवावेत. फ्रिजचे दार किंचित उघडे ठेवावे.

पहिल्या मोठ्या सफरीला निघताना, म्हणजे टाक्या, सामान आणि माणसे यांसह, गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी आणि टायरमधली हवा त्या प्रत्यक्ष आसभारानुसार ठेवावी.

ओलमापकाचे आकडे गाडीच्या साध्या आराखड्यावर, प्रत्येक खिडकीच्या आणि कोपऱ्याच्या जागी तारखेसह लिहून ठेवावेत आणि दरवर्षी त्याच ठिकाणी, शक्यतो त्याच ऋतूत पुन्हा घ्यावेत. एखाद्या जागी आकडा तीन-चार टक्क्यांनीही चढलेला दिसला, तर पुढच्या पावसाची वाट न पाहता तेथील बाहेरची पट्टी उघडून सीलंट बदलून घ्यावे.